अमावस्येची बस

माझे वडील कुठल्याही पाण्यात उतरण्याआधी त्याच पाण्याने चूळ भरत. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, ओंजळ भरायची, पाणी तोंडात घोळवायचं, डाव्या बाजूला थुंकायचं आणि मगच अंग पुढे टाकायचं. ही सवय त्यांना जांभूळच्या पलीकडे, उल्हास नदीच्या काठी, लहानपणी लागली. तिथे नदीला दोन अंगं होती. वरच्या अंगाला गाव पाणी भरत असे, खालच्या अंगाला आमची वस्ती. गावाची गुरं, गावाची धुणी, गावातल्या बाळंतिणींची लुगडी, सगळं वरून खाली येई. पोरं पोहायला उतरली की आधी चूळ भरून बघत, आज वरून काय आलंय. पप्पांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पंचनामा वाचून दाखवावा तसं सांगितलं. मी मात्र हातातला चहा बाजूला ठेवला, हे आठवतं.

मी ज्या काळाबद्दल लिहिते आहे तेव्हा आम्ही अंबरनाथला, कारखान्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका तीन मजली इमारतीत राहत होतो. पप्पा रंगांची रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होते. आई नगरपालिकेच्या शाळेत शिकवत असे. घर तिच्या नावावर होतं, कारण त्यासाठीचं कर्ज तिला शिक्षकांच्या पतपेढीतून मिळालं होतं. मी बारावीला होते. त्या घरात वेळ वासावरून कळे. सकाळी कुजक्या अंड्यांचा, दुपारी कडू बदामाचा, संध्याकाळी विझलेल्या फटाक्यांचा. पप्पा जेवताना नाक वर करून वायूचं नाव सांगत आणि पुन्हा भाताकडे वळत. आई तव्यावर सुकट परतत असताना बाहेरचा वास आत आला की दोन्ही मिळून तिसरंच काहीतरी तयार होई. ते केसांना चिकटत असे, वह्यांना चिकटत असे. पप्पांची नखं पिवळी होती, बनियनची काख पिवळी होती, उशीचा अभ्रा मध्यभागी पिवळा होता. त्याच बोटांनी ते वरणभात कालवत. मी माझं ताट घेऊन दाराकडे तोंड करून बसत असे.

इमारतीमागचा नाला पुढे वालधुनी नदीला मिळे. आमच्याकडे तो पिवळा किंवा काळा असे. उल्हासनगरात जीन्सचे धुलाई कारखाने लागले की निळा होई. शेअर रिक्षातून कॅम्प तीनला जाताना पुलावर सगळे प्रवासी एकदम गप्प होत आणि पूल संपला की एकदम बोलायला लागत, कारण मधल्या अंतरात प्रत्येकाने श्वास धरलेला असे. जोराचा पाऊस लागला की पप्पांच्या कारखान्यात सांडपाण्याची टाकी नाल्यात रिकामी करत. पावसाच्या पाण्यात रंग दिसत नाही. आमच्या घरात हे गुपित नव्हतं. पप्पा रेनकोट झटकत म्हणत, "आज सोडलं." आई त्यांच्या हातात पंचा देई आणि दुसरंच काहीतरी विचारी. पुढे मी बातमीदारी केली, मग बरीच वर्षं बातम्यांच्या टेबलावर बसले. प्रदूषणाच्या किती बातम्या माझ्या हाताखालून गेल्या त्याची नोंद नाही. त्यांत 'अज्ञात इसमांनी' असे शब्द असत. मी ते कधी बदलले नाहीत, कारण पुराव्याशिवाय बदलता येत नसत.

रविवारी पप्पा सायकल काढून बदलापूरच्या वर जात, नदी जिथे त्यातल्या त्यात बरी होती तिथे. पोहणं हा त्यांचा एकच शौक. पत्ते नाहीत, दारू नाही, क्रिकेटसुद्धा नाही. पाण्यातून बाहेर आलेला माणूस वेगळा दिसतो. ते रविवारी दुपारी तसे दिसत. मग एका उन्हाळ्यात ते अंगभर लाल गांधी घेऊन घरी आले. आईने खोबरेल तेलात कापूर विरघळवून पाठीला लावला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारी काठावर पांढऱ्या पोटाचे मासे पडले होते आणि जलपर्णीत एक फुगलेलं कुत्रं अडकलं होतं. पप्पांनी चूळ भरली, थुंकली आणि न उतरता परत आले. त्यानंतर रविवारी ते वसाहतीच्या मैदानावर चालायला जाऊ लागले. मैदान म्हणजे लग्नाचा मांडव निघाल्यावर उरलेली जागा: थर्माकोलच्या ताटल्या, आंबलेला पुलाव, डुकरं. ते पँट घोट्यापर्यंत दुमडून फेऱ्या मारत. एका सकाळी ते तिथून हातात एक रंगीत पत्रक घेऊन आले.

पत्रकावर समुद्र होता. कोकणातल्या एका गावी बंगल्यांची वसाहत होणार होती. 'पोहा, चाला, सायकल चालवा, गळ टाकून मासे पकडा. आयुष्य मोकळ्या हवेत जगा,' असं त्यावर लिहिलं होतं. आजही माझ्या फोनवर अशा जाहिराती येतात. त्यांत पाण्याचा निळा रंग अजून तोच आहे. फक्त सायकलच्या जागी योगासन करणारी बाई आली आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही. गावाचा यात काही दोष नव्हता. आईने पत्रक वाचून विचारलं, "आणि नोकरी?"

"मी मुदतीआधी सुटतोय. तुझी बदली नाही झाली तर तूही सोड."

"पोहण्यासाठी?"

"हो," पप्पा म्हणाले. "पोहण्यासाठी."

घर विकल्याशिवाय ते होणार नव्हतं आणि आईच्या सहीशिवाय घर विकता येणार नव्हतं. पुढचे दोन महिने आमच्या घरात जे काही चाललं ते या एका सहीभोवती चाललं.

कंपनी इच्छुकांना दर महिन्याला दोन रविवारी बसने जागा दाखवायला नेत असे. नाश्ता, जेवण फुकट. एक बस अमावस्येच्या आसपासची, एक पौर्णिमेच्या. का, ते कोणी विचारलं नाही. आमच्यासमोर राहणारे करंदीकर काका बँकेतून निवृत्त झाले होते आणि त्यांनाही समुद्राकाठी घर हवं होतं. त्यांच्याकडून आमच्याकडे पेपर येई आणि होळीला पुरणपोळी येई. आमच्याकडून त्यांच्याकडे फक्त पेपर परत जाई. काका म्हणाले, "अमावस्येला जागा बघायला जातात का कोणी? मी आपला चांगला दिवस बघून जाईन." पप्पांना तेवढंच पुरे झालं. आमच्या आजोबांनी नागपूरहून दीक्षा घेऊन परतल्यावर घरातले देव आणि पंचांग दोन्ही नदीत सोडले होते. पप्पांनी लग्न अमावस्येला केलं होतं आणि ते सांगण्याची संधी ते सहसा सोडत नसत. आई विहारातल्या बायकांबरोबर अष्टमी, पौर्णिमा, अमावस्येला उपोसथ धरी, दुपारी बारानंतर जेवत नसे. त्यावरही पप्पा तिला टोमणे मारत: "बुद्धानं सांगितलंय का, चंद्र बघून उपाशी राहा?" आई म्हणे, "तुम्हाला कुठे उपाशी ठेवते?" पप्पांनी अमावस्येच्या बसमध्ये दोन जागा सांगितल्या, त्यांची आणि माझी.

बसमध्ये आमच्यासारखीच माणसं होती: विहारातल्या ओळखीची तीन कुटुंबं, उल्हासनगरचं एक ख्रिस्ती जोडपं, एक नास्तिक प्राध्यापक. पंचांग बघणारं कोणी नव्हतं, आणि कंपनीचा माणूस पाटकर हे ओळखून होता. त्याच्या गळ्यात टाय होता आणि टायवर चटणीचा डाग. बस सुरू होताच त्याने माइक घेतला. "मंडळी, आज तुमच्यासारखे पुरोगामी लोक आहेत म्हणून मला फार बरं वाटतंय. बाकीचे म्हणतात, अमावस्या आहे, नको. मी म्हणतो, समुद्राला कुठे अमावस्या असते?" सगळे हसले. पप्पा सर्वांत मोठ्याने हसले. पाटकरने वडे वाटले; कागद तेलाने इतका पारदर्शक झाला होता की त्यातून हाताच्या रेषा दिसत होत्या. मग तो प्रत्येक सीटपाशी येऊन आडनाव विचारून गेला. पौर्णिमेच्या बसमध्ये तो काय बोलत असेल, कोणत्या माणसांना कशाबद्दल शाबासकी देत असेल, याचा अंदाज मी आता बसल्या जागी करू शकते.

दुपारी आम्ही पोचलो तेव्हा समुद्र होता. यात काही अतिशयोक्ती नाही. दगडी बांधाच्या काठापर्यंत पाणी भरलं होतं, निळं, चकाकणारं, आणि बांधावर नमुन्याचा एक बंगला होता, गुलाबी. पप्पांनी कपडे काढले, पायऱ्या उतरले, चूळ भरली. "खारट," ते म्हणाले. "बाकी काही नाही." मग ते पोहायला गेले. तासभर ते पाण्यात होते. बांधावर बसलेल्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या आणि मला लाज वाटत होती, कारण त्यांची चड्डी पट्ट्यापट्ट्यांची होती. बाहेर येऊन ते माझ्याजवळ ओलेच बसले. "समुद्राला वरचं अंग नसतं, प्रज्ञा," ते म्हणाले. "हे एकच पाणी आहे जिथे आपल्या वर कोणी नाही." जेवणात सुरमईचा कागदासारखा पातळ तुकडा होता आणि रंग घातलेली सोलकढी. जेवण उरकताच पाटकरने घाई सुरू केली. "चला मंडळी, घाट आहे, उशीर नको." आम्ही हात धुतले न धुतले तोच बस निघाली.

पुढच्या रविवारी करंदीकर काका-काकू एस.टी.ने आपले आपण जाऊन आले. सोमवारी सकाळी काका पेपर घेऊन दारात उभे राहिले.

"अहो, समुद्र कुठाय तिथे? चिखल आहे सगळा."

"मी पोहून आलोय, करंदीकर साहेब."

"मग तुम्ही दुसरीकडे गेला असाल."

"गुलाबी बंगला? बाजूला कमान?"

"तीच कमान. मी सांगतो ना, दलदल आहे. हिची एक चप्पल राहिली तिथे. वास तर असा, की इथलं बरं."

"बरं," पप्पा म्हणाले आणि पेपर घेतला. दार लागल्यावर ते आईकडे वळले. "त्याला आपला शेजार नकोय तिथे. इथे मध्ये जिना आहे म्हणून चालवून घेतो."

आई पोळ्या लाटत होती. "काकू काल अनवाणी जिना चढल्या," ती म्हणाली. "मी बघितलं."

"बायको अनवाणी आली म्हणून समुद्र खोटा?"

पौर्णिमेच्या बसने आम्ही तिघं गेलो. आईने सकाळी लवकर विहारात वंदना केली आणि त्याच पांढऱ्या साडीत बसमध्ये बसली. या बसमध्ये माणसं वेगळी होती आणि पाटकरने निघताना नारळ फोडला. पप्पांनी खिडकीबाहेर बघितलं. समुद्र पुन्हा होता, बांधाला टेकलेला. पप्पांनी आईकडे असं पाहिलं, जसं काही तो त्यांनीच भरून ठेवला होता. पुन्हा चूळ, पुन्हा तासभर. आई बांधावर पदर सावरून बसली होती. तिने पाटकरला विचारलं, "संध्याकाळी इथे कसं असतं?"

"संध्याकाळचं तर विचारूच नका, मॅडम. स्वर्ग."

"मग थांबू या ना सूर्यास्तापर्यंत."

"थांबलो असतो हो. पण घाट आहे."

"घाट सकाळीही होता," आई म्हणाली. पाटकर हसला आणि दुसऱ्या कुटुंबाकडे गेला.

गिऱ्हाईक पप्पांनी आधीच बघून ठेवलं होतं. मोहनभाई कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवून घेत. मुलाच्या लग्नाआधी त्यांना अंबरनाथला जागा हवी होती. त्यांनी आमच्या भिंतींवर टकटक करून पाहिलं, संडासचा नळ सोडून पाहिला, मोरीत वाकून वास घेतला. "साहब, समंदर पे जा रहे हो? बस तैरने के वास्ते?"

"हाँ."

"अपने को तो नहाने का भी टाइम नहीं, साईं." मग आईकडे वळून, "भाभी भी तैरती हैं?"

"भाभी सही करती है," आई म्हणाली. "अभी नहीं की."

त्याच दुपारी तिने पप्पांना तिची अट सांगितली. एकदा आपण तिघं जायचं. बस नको, नाश्ता नको, पाटकर नको. रविवारही नको, तिच्या शाळेला जी पहिली सुट्टी येईल त्या दिवशी. समुद्र असेल तर ती त्याच आठवड्यात सही करील आणि पुन्हा अवाक्षर काढणार नाही. पप्पा म्हणाले, "लिहून देऊ का, की समुद्र असेल?"

ती सुट्टी अष्टमीला आली. आईचा उपोसथ होता म्हणून तिने भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून घेतली, बाराच्या आत खाता यावी म्हणून. एस.टी. स्टँडवरून आम्ही चालत गेलो. कमान आधी दिसली, मग गुलाबी बंगला. मग बांध. बांधापलीकडे काही नव्हतं.

काही नव्हतं हे बरोबर नाही. चिखल होता. बांधाच्या पायापासून दूर क्षितिजाजवळच्या एका पांढुरक्या रेषेपर्यंत करडा, चकाकता, बुडबुडे येणारा चिखल. आम्ही ज्या पायऱ्यांवरून पप्पांना उतरताना पाहिलं होतं त्या मधेच संपत होत्या, आणि त्यांच्या खालच्या अंगाला केसांसारखं शेवाळ होतं. बांधाच्या सावलीत माणसं बसून गेल्याच्या खुणा होत्या, जुन्या आणि ताज्या, आणि त्यांवर माशा. मासळीची आतडी, बाटल्या, बाळाचा लंगोट, बायकांच्या पाळीच्या घड्या, एक तुटका गणपती, एका पायाची चप्पल. चप्पल काकूंची होती की नाही हे मी सांगू शकत नाही. बायकांची होती एवढंच. या सगळ्यावर लहान लाल खेकडे धावत होते आणि तेच काय ते स्वच्छ दिसत होते. वास अंबरनाथचा नव्हता. अंबरनाथच्या वासांना नावं होती. हा पोटातला वास होता. मी रुमाल नाकाला लावला आणि त्यातूनही तो चवीसारखा तोंडात आला.

पप्पा बांधावरून वाकून खाली बघत होते. मग मीही पाहिलं. नमुन्याच्या बंगल्याखालून एक जाड पाइप बांधातून बाहेर येत होता, पायऱ्यांच्या अगदी शेजारी. त्यातून बारीक धार चालू होती. धारेखाली चिखलात खड्डा पडला होता आणि खड्ड्यात जे साठलं होतं ते काय होतं याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. दोन्ही बसच्या दिवशी तो पाण्याखाली होता. दोन्ही दिवशी पप्पा त्याच पायऱ्यांवर, त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे राहून चूळ भरत होते.

ते बराच वेळ पाइपकडे बघत होते, कामावर बघत असतील तसे. "झडप नाही याला," ते शेवटी म्हणाले. "भरतीत आपोआप वाहून जातं. दिसत नाही."

आईने बोटांवर काहीतरी मोजलं. "आज अष्टमी. मी आले तेव्हा पौर्णिमा. त्याआधी तुम्ही दोघं आलात तेव्हा अमावस्या." ती थांबली. "तुमच्याकडे पाऊस बघून सोडतात. हे चंद्र बघून माणसं आणतात."

आमच्या घरात चंद्राचा हिशेब फक्त तिला येत होता, आणि तिला समुद्राचा येत नव्हता. पाटकरला दोन्ही येत होते.

"भरती येईल," पप्पा म्हणाले. "थांबू."

आम्ही थांबलो. आईने बाराच्या आत अर्धी भाकरी खाल्ली आणि डबा पप्पांकडे सरकवला. मला खाता आलं नाही. पप्पांनी मात्र खाल्लं, चिखलाकडे बघत, प्रत्येक घास नीट चावून. दुपार सरत आली तेव्हा ती पांढुरकी रेषा हलली. पाणी लाट होऊन आलं नाही. ते सारवल्यासारखं पसरत आलं, तपकिरी, कडेला साबणासारखा फेस, आणि फेसावर जे जे चिखलात पडलं होतं ते ते उचलून घेतलेलं. बांधापासून बऱ्याच अंतरावर ते थांबलं. आम्ही वाट पाहिली. ते पुढे आलंच नाही. अष्टमीच्या भरतीला भांगाची भरती म्हणतात आणि ती अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीसारखी चढत नाही, हे मला पुढे एका बातमीच्या निमित्ताने कळलं. त्या दिवशी आम्हाला वाटलं, समुद्र कंटाळला.

पप्पांनी शर्ट काढला.

"आता कशाला?" आई म्हणाली.

"आलोय तर."

"अहो, मी बघितलं. मला दाखवायचं काही राहिलं नाही."

"तुला दाखवायला नाही जात."

ते शेवटच्या पायरीवरून चिखलात उतरले आणि पोटरीपर्यंत आत गेले. एक पाय उपसायचा, दुसरा रुतवायचा. प्रत्येक पावलाला चिखल ओठ चाटल्यासारखा आवाज करत होता. पाण्यापर्यंत पोचले तेव्हा ते मांड्यांपर्यंत करडे झाले होते. पाणी त्यांच्या गुडघ्यालाही लागत नव्हतं. त्यांनी वाकून ओंजळ भरली. मी मान वळवली, म्हणून चूळ भरली की नाही हे मला माहीत नाही. पुन्हा पाहिलं तेव्हा ते आडवे झाले होते आणि हात मारत होते. पाणी इतकं उथळ होतं की त्यांचं पोट तळाला घासत असणार. ते पोहत नव्हते, सरपटत होते, पण हात मात्र पोहण्याचे, एकामागून एक, लयीत. माझ्यासमोरच्या त्या दृश्याची मला किळस आली. दया आली असं लिहायला हवं, पण ती त्या दिवशी आली नाही. आई पदराने तोंड झाकून शेवटपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिली. पलीकडे दोन पोरं गुडघ्यांवर हात ठेवून बघत होती. त्यांतल्या एकाने विचारलं, "काय हरवलंय काय?"

स्टँडजवळच्या नळावर पप्पांनी अंग धुतलं. चिखल निघाला, वास निघाला नाही. कंडक्टर म्हणाला, "काका, मागच्या सीटवर बसा जरा." ते मागे बसले. मी पुढे, खिडकीशी बसले. आई उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. घाटात मी एकदा वळून पाहिलं तेव्हा तिचा रुमाल नाकाला होता आणि दुसरा हात त्यांच्या गुडघ्यावर.

इमारतीत शिरलो तेव्हा करंदीकर काका जिन्यात उभे होते. "काय, मिळाला का समुद्र?"

"मिळाला," पप्पा म्हणाले. "तुम्ही गेलात तेव्हा जरा बाहेर गेला होता."

काकांना ते कळलं नाही, किंवा कळलं असेल. ते बाजूला झाले आणि आम्ही वर गेलो. काकांनी तिथे जागा घेतली नाही. इतर बऱ्याच जणांनी घेतली. पाटकरच्या बसेस आणखी काही वर्षं चालू होत्या.

त्या आठवड्यात पप्पांनी सहीचा विषय काढला नाही आणि आईनेही नाही. आई काय करील याची मला खात्री नव्हती. अंबरनाथचं घर हे आईचं स्वतःचं म्हणावं असं एकमेव काही होतं. पण तिने शब्द दिला होता, आणि समुद्र नव्हता असं तिला म्हणता आलं नसतं. पाणी आम्ही तिघांनी पाहिलं होतं. पप्पा हट्टाला पेटले असते तर तिने कदाचित सही केलीही असती. रविवारी मोहनभाई आले, धाकट्या भावाला घेऊन, हातात पेढ्यांचा पुडा. पप्पा आरामखुर्चीत होते. आईने चहा ठेवला, बाहेर आली आणि उभ्यानेच म्हणाली, "भाईसाब, घर देना नहीं है."

मोहनभाईंनी पप्पांकडे पाहिलं. "साहब ने तो हाँ बोला था."

मी पप्पांकडे बघत होते. आईही बघत होती; तिच्या हातात चहाची गाळणी तशीच होती आणि थेंब फरशीवर पडत होते.

"घर मैडम का है," पप्पा म्हणाले.

"वो तो मालूम है, साईं. पर समंदर का क्या हुआ? पानी खराब निकला?"

पप्पांनी विचार केला. "नहीं," ते म्हणाले. "तैरना हो गया अपना."

मोहनभाई जरा वेळ बसले, चहा प्यायले, आणि इमारतीत दुसरं कोणी विकणारं आहे का ते विचारून घेतलं. उठताना आईने पुडा त्यांच्यापुढे केला. "घर नहीं दिया, तो मिठाई कैसे रखूँ?"

"लाई हुई मिठाई वापस नहीं ले जाते, भाभी."

पुडा काही क्षण दोघांच्या मध्ये राहिला. मग पप्पांनी खुर्चीतून हात लांब करून तो घेतला, दोरा सोडला, एक पेढा तोंडात टाकला आणि त्याच पिवळ्या बोटांनी एक माझ्यापुढे धरला. मी तो घेतला. पप्पा आत जाईपर्यंत हातात धरून ठेवला, आणि नंतर कागदात गुंडाळून फडताळावर ठेवून दिला.